‘टँक’ म्हणजे टाकी?

इंग्रजी शब्दांचे अर्थ पाठ करण्याची आपल्याकडील पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारायची, डावीकडे इंग्रजी शब्द लिहायचा आणि उजवीकडे त्याचा मराठी अर्थ. एका शब्दासमोर एकच शब्द. दूध, कावळा, खुर्ची अशा शब्दांपुरती ही पद्धत ठीक चालते. परंतु काही शब्द असे असतात, की त्यांच्यासमोर एक शब्द लिहून आपण मोकळे झालो तर मूळ वस्तूच नजरेआड होते. ‘टँक’ हा असाच एक शब्द आहे. ‘टँक म्हणजे टाकी’ हे समीकरण आपण इतके गृहीत धरतो, की त्याची कधी तपासणी होत नाही. ती येथे करायची आहे. आमचे म्हणणे असे, की हे समीकरण चूक नसले तरी अपुरे आहे, आणि त्याच्या अपुरेपणाची किंमत शब्दार्थाच्या परीक्षेतील एका गुणापेक्षा बरीच मोठी आहे.

भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्यात सानगडी हे गाव आहे. सहानगड या किल्ल्यासाठी ते ओळखले जाते. भोवतालचा सारा मुलूख वैनगंगेच्या खोऱ्यातला, म्हणजे धानाचा आणि तलावांचा. सानगडीच्या शाळेतील एखाद्या विद्यार्थ्याने आपल्याच जिल्ह्याची माहिती इंग्रजीतून वाचायला घेतली, अशी कल्पना करू. त्याला पहिल्याच पानावर कळेल, की भंडारा हा ‘टँकां’चा जिल्हा आहे आणि येथील पुष्कळशी धानाची जमीन ‘टँकखाली’ आहे. वहीतला अर्थ लावून पाहिला तर त्याच्या डोळ्यांसमोर काय येईल? घराच्या छपरावरची काळी प्लास्टिकची टाकी किंवा गावच्या नळयोजनेची खांबांवर उभी असलेली टाकी. आणि तिच्याखाली म्हणे शेत! वाक्य निरर्थक वाटेल. वास्तविक ज्या वस्तूविषयी हे वाक्य आहे, तिच्या पाळीवरून तो रोज ये-जा करत असेल.

भारतातील इंग्रजीत ‘टँक’ या शब्दाचा एक अर्थ मातीची पाळ घालून अडवलेला तलाव असा आहे, आणि ‘टँकखालची जमीन’ म्हणजे त्या तलावाच्या पाण्यावर भिजणारी जमीन. आपणही मराठीत ‘तलावाखालची शेती’ असेच म्हणतो. म्हणजे इंग्रजी वाक्य कठीण नव्हते. अडचण वहीतल्या रेघेने निर्माण केली होती.

शब्द आला कोठून?

हा शब्द इंग्रजीत कसा आला, याचा शोध मनोरंजक आहे. भारतात वावरणाऱ्या इंग्रजांच्या भाषेतील शब्दांचा जो प्रसिद्ध कोश यूल आणि बर्नेल यांनी १८८६ मध्ये ‘हॉब्सन-जॉब्सन’ या नावाने प्रसिद्ध केला, त्यात ‘टँक’वर एक सविस्तर नोंद आहे. कोशकारांनी हा शब्द दुहेरी उगमाचा ठरवला आहे: एक उगम भारतीय, दुसरा युरोपीय. भारतीय बाजूला गुजरातीतील टांकुं, टांकी आणि मराठीतील टाके हे शब्द येतात. एच. एच. विल्सन यांच्या १८५५ च्या महसुली शब्दसंग्रहाचा आधार त्यासाठी त्यांनी घेतला आहे. युरोपीय बाजूला पोर्तुगीजांचा ‘तांक’ हा शब्द येतो. वास्को द गामाच्या १४९८ मधील प्रवासाच्या वृत्तांतात कालिकतच्या देवळाजवळील तळ्यासाठी हाच शब्द वापरलेला आहे. म्हणजे पोर्तुगीज येथे उतरले तेव्हा तो शब्द त्यांच्या गाठोड्यात आधीच होता. पुढे १६१६ च्या सुमारास सर टॉमस रो यांचे धर्मोपदेशक एडवर्ड टेरी लिहितात, की या देशातील लोक अशा तळ्यांना ‘टँक’ म्हणतात. दोन वेगवेगळ्या दिशांनी आलेले, उच्चाराने सारखे आणि अर्थाने जवळचे असे दोन शब्द पश्चिम किनाऱ्यावर एकमेकांत मिसळून गेले, हे यूल-बर्नेल यांचे अनुमान आजही टाकाऊ ठरलेले नाही.

या दोन उगमांकडे अर्थाच्या दृष्टीने पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. पोर्तुगीज शब्दाचे नाते ‘वाहते अडवणे, थोपवणे’ अशा अर्थाच्या क्रियापदाशी जोडले जाते. उलट मराठी टाके म्हणजे खडकात कोरलेला किंवा दगडचुन्यात बांधलेला साठा. सह्याद्रीतील किल्ल्यांवर असतात ती टाकी, उदाहरणार्थ शिवनेरीवरील गंगा-जमुना. एकात अडवण्याची कल्पना आहे, दुसऱ्यात साठवण्याची. पाणी धरून ठेवण्याचे हे दोन निरनिराळे मार्ग आहेत. भंडाऱ्याचा तलाव पहिल्या मार्गाचा, किल्ल्यावरचे टाके दुसऱ्या मार्गाचे. इंग्रजीने दोहोंना एकच नाव दिले. आपण ते नाव मराठीत परत आणताना त्यातील दुसराच अर्थ तेवढा उचलला.

कोशाचे गुण आणि उणीव

‘हॉब्सन-जॉब्सन’मधील नोंदीचा मोठा गुण असा, की तिने एकाच उगमाचा हट्ट धरलेला नाही. व्याख्येतही खोदून केलेले आणि बांध घालून केलेले असे दोन्ही प्रकार सांगितले आहेत. शब्दांच्या जन्मकथांत ‘हा शब्द आमचाच’ असा अभिमान चटकन शिरतो. त्या मोहापासून कोशकार दूर राहिले आहेत. विद्यार्थ्यांना हा भाग अवश्य सांगावा.

परंतु या नोंदीत एक उणीव आहे. तिचे बहुतेक लक्ष शब्द कोणी, केव्हा, कसा लिहिला याकडे आहे, आणि हे लिहिणारे बहुधा किनाऱ्यावरचे व शहरांतले परदेशी प्रवासी आहेत. त्यांनी देवळाशेजारचे घाटबंद तळे पाहिले, घरातले झाकलेले टाके पाहिले. शेतीची बाजू सांगणारे उतारे थोडे. टॉमस मन्रो यांच्या १७९९ मधील लिखाणाचा एक उतारा तेवढा उठून दिसतो. म्हैसूर आणि कर्नाटकातील ‘टँकखालच्या’ एका पिकाची तुलना त्यांनी अन्यत्रच्या तीन पिकांशी केली आहे. मात्र टँक बांधतो कोण, पाणी सोडतो कोण, गाळ काढतो कोण, याचा पत्ता नोंदीतून लागत नाही.

पूर्व विदर्भापुरते त्याचे उत्तर देता येते. येथील मोठे तलाव बांधण्याचे श्रेय कोहळी समाजाकडे जाते. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात मध्य प्रांतातील जातीजमातींची माहिती देताना कोहळ्यांचे तलाव बांधण्यातील कौशल्य आवर्जून नोंदवले आहे. नवेगावबांध, सिवनीबांध आणि सिरेगावबांध येथील तलाव त्यांच्याच नावावर आहेत. नवेगावचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे परंपरा सांगते. गावांच्या नावातला ‘बांध’ हा शब्द पाहावा. लोकांनी या जलाशयाचे नाव त्यातील साठ्यावरून न ठेवता पाणी अडवण्याच्या कृतीवरून ठेवले.

शब्दसंपत्तीही तशीच आहे. गावाचा तो तलाव. एखाद्या शेतकऱ्याची लहानशी ती बोडी. तलावाची मातीची भिंत ती पाळ. पाणी सोडण्याचे तोंड ते तुडुम. जादा पाणी जाण्याची वाट तो सांडवा. पाण्याला शेताकडे नेतो तो पाट. धानाचे बांधलेले शेत ती बांधी आणि तिच्या कडेचा धुरा. तामीळमध्ये ‘एरी’, कन्नडमध्ये ‘केरे’, तेलुगूत ‘चेरुवू’ असे त्या त्या प्रदेशाचे शब्द आहेत. या सर्वांवर इंग्रजी कारभाराने ‘टँक’ अशी एकच चिठ्ठी चिकटवली. कारभाराला ती सोयीची होती. पण चिठ्ठी म्हणजे वस्तू नव्हे.

लोखंडी पेटी

इंग्लंडमध्ये मात्र या शब्दाने वेगळा प्रवास केला. तेथे तलावाचा अर्थ मागे पडून पाणी, तेल, वायू साठवण्याची बंद पेटी हा अर्थ पुढे आला. याचा उत्तम पुरावा म्हणजे रणगाड्याचे नाव. पहिल्या महायुद्धात लिंकन येथील कारखान्यात ब्रिटिशांनी हे नवे वाहन गुप्तपणे तयार केले. ती मेसोपोटेमियाकडे पाठवायची पाणी वाहण्याची साधने आहेत, अशी हूल उठवण्यात आली आणि १९१५ च्या अखेरीस ‘टँक’ हे सांकेतिक नाव पक्के झाले. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या लढाईत रणगाडे प्रथम उतरले आणि सांकेतिक नावच कायमचे नाव झाले. पोलादी पेटीसारख्या वाहनाला हे नाव शोभले, कारण तोवर इंग्रजांच्या मनात ‘टँक’ म्हणजे पेटीच झाली होती. आज फिश टँक, सेप्टिक टँक, पेट्रोलची टँक हे सारे त्याच अर्थाचे. ‘थिंक टँक’मध्येही विचारांचा बंदिस्त साठाच अभिप्रेत आहे.

जुना अर्थ भारतात टिकला. हैदराबादचा हुसेनसागराच्या बांधावरील रस्ता ‘टँक बंड’ म्हणून ओळखला जातो. मुंबईत ८ ऑगस्ट १९४२ रोजी ‘चले जाव’ची घोषणा झाली ते मैदान गवालिया टँक मैदान. मैदानाला टँक का म्हणावे, असा प्रश्न मुलांना पडायला हवा. तेथे पूर्वी गुरांसाठी वापरला जाणारा तलाव होता. तलाव गेला, नाव राहिले. इतिहासाच्या तासाला ही तारीख पाठ होते, पण त्या नावातले पाणी कोणाला दिसत नाही.

आकाराचे गणित

येथवर प्रश्न भाषेचा होता. आता विज्ञानाकडे वळू, कारण टाकी आणि तलाव यांतील खरा फरक भूमितीचा आहे.

समजा, एका तलावाचे पाणी पूर्ण भरल्यावर १० हेक्टरांवर पसरते आणि सरासरी खोली २ मीटर आहे. १० हेक्टर म्हणजे १,००,००० चौरस मीटर. तेव्हा पाणी २,००,००० घनमीटर, अर्थात २० कोटी लिटर झाले. घरावरील हजार लिटरच्या दोन लाख टाक्यांइतके हे पाणी आहे. आता आकार पाहू. १० हेक्टरांचा चौरस केला तर त्याची बाजू सुमारे ३१६ मीटर येते. हा चौरस ३० सेंटीमीटर रुंदीच्या थाळीएवढा लहान केला, तर त्याच प्रमाणात पाण्याची खोली २ मिलिमीटरही भरत नाही. तलाव म्हणजे भांडे नव्हे. तलाव म्हणजे ओली थाळी.

थाळीतले पाणी लवकर वाळते. उन्हाळ्यात दिवसाला ५ मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तर वरील तलाव भरलेला असताना एका दिवसात ५०० घनमीटर, म्हणजे पाच लाख लिटर पाणी हवेत जाते. झाकण असलेल्या टाकीत हा प्रश्नच उद्भवत नाही.

दुसरा फरक अधिक महत्त्वाचा आहे. टाकीच्या भिंती सरळ असतात. पाण्याची उंची निम्मी झाली म्हणजे पाणीही निम्मे उरते. ‘एक टाकी दोन नळांनी भरते’ या जातीची सगळी उदाहरणे याच गृहीतावर उभी आहेत. तलाव मात्र उतरत्या नाल्यावर आडवी पाळ घालून झालेला असतो. पाळीपाशी सर्वात खोल, बाजूंना आणि वरच्या अंगाला उथळ होत जाणारा. असा तलाव एखाद्या आडव्या पडलेल्या पिरॅमिडसारखा मानला, तर त्यातील पाणी खोलीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. आपल्या उदाहरणात पाळीपाशी खोली ६ मीटर धरू. पिरॅमिडचे घनफळ पृष्ठभाग गुणिले खोली भागिले तीन; म्हणजे १,००,००० × ६ ÷ ३ = २,००,००० घनमीटर, आपला हिशोब बरोबर जुळतो. आता खोली निम्मी, म्हणजे ३ मीटर झाली. पृष्ठभाग चौथाई झाला, २५,००० चौरस मीटर. पाणी उरले २५,००० × ३ ÷ ३ = २५,००० घनमीटर. निम्मे नव्हे, फक्त एक अष्टमांश!

प्रत्यक्षातील तलाव इतका नियमित नसतो, पण दिशा हीच असते. या गणिताचा शेतीशी थेट संबंध आहे. भंडारा जिल्ह्यात वर्षाला सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो; परंतु तो ओढ देतो ती नेमकी रोवणीच्या किंवा धान गर्भावर येण्याच्या वेळी. तेव्हा तलावाच्या पाण्याने पीक वाचवायचे असते. ५० हेक्टर बांध्यांना १० सेंटीमीटर पाणी द्यायचे तर ५०,००० घनमीटर लागतात. भरलेल्या तलावातून अशा तीन पाळ्या सहज देता येतील. पण पाळीवर उभे राहून ‘पाणी निम्मे आहे’ असे जो टाकीच्या हिशोबाने म्हणेल, तो दोन पाळ्यांचे वचन देईल; आणि तलावात अर्धी पाळीच उरलेली असेल.

गाळाचेही तसेच. टाकी धुता येते. तलावात दर पावसाळ्यात पाणलोटातील माती येते. सरासरी एक सेंटीमीटर थर साचला असे मानले, तरी वरील तलावात वर्षाला १,००० घनमीटर गाळ येतो. पन्नास वर्षांत मूळ क्षमतेचा चौथा हिस्सा गेला. पाळीजवळचा खोल भाग बुजला की गुरांना, माशांना आणि पाणपक्ष्यांना उन्हाळ्यात आधार देणारे पाणी आधी नाहीसे होते. हाच गाळ शेतात गेला तर खत ठरतो. टाकीचा तळ हा नुसता तळ असतो. तलावाचा तळ हे शेताचे भांडवल असते.

शब्द आणि कारभार

मग प्रश्न असा, की गाळ काढायचा कोणी? मालगुजारीच्या काळी तलावाची निगा मालगुजाराकडे होती आणि रयतेचे वापराचे हक्क ‘निस्तार’ या नावाने नोंदलेले असत. तो काळ सोन्याचा होता असे मुळीच नाही. रयतेचे श्रम आणि मालगुजाराची सत्ता यांवर ती व्यवस्था उभी होती. तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होता. त्या राज्याच्या १९५० च्या कायद्याने मालकी हक्क रद्द झाले आणि ३१ मार्च १९५१ पासून तलाव सरकारकडे आले. पुढे लहान तलाव जिल्हा परिषदांकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे अशी वाटणी झाली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत मिळून असे सुमारे सात हजार तलाव आहेत. ‘माजी मालगुजारी’ या सरकारी नावाचे संक्षिप्त रूप ‘मामा’ झाले, आणि लोक त्यांना मामा तलाव म्हणू लागले. नाव आपुलकीचे वाटते, पण त्या नावात ‘माजी’ आहे. आजचा धनी कोण, हे त्यातून कळत नाही.

अन्यायी व्यवस्था गेली हे योग्यच झाले. पण तिच्याबरोबर निगा राखण्याची जबाबदारीही गेली आणि तिच्या जागी पुरेशी नवी व्यवस्था आली नाही. आमच्या मते यात ‘टाकी’च्या कल्पनेचाही वाटा आहे. टाकीचा मालक एक, क्षमता ठरलेली, दुरुस्ती म्हणजे गळती बुजवणे. कागदावर तलावाचीही नोंद तशीच होते: इतके हेक्टर, इतके घनमीटर. पाणलोटातील जंगल, येणारे नाले, वरच्या तलावाचा सांडवा आणि खालच्या तलावाचे पोट यांचे नाते, ढिवरांची मासेमारी, पाण्यातल्या वनस्पती, सारसासारख्या पक्ष्याचे धानाच्या बांध्यांशी असलेले संबंध यांना त्या तक्त्यात रकाना नाही. बेशरमीची झुडपे तलाव व्यापतात तेव्हा घनमीटर लगेच घटत नाहीत. घटते ते मासे आणि पक्षी.

उलट उदाहरणेही आहेत. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांच्या सहकारी संस्थांबरोबर तलावांतील बेशरम काढून स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे काम केले आहे. राज्य शासनाने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आणली. तिच्या नावातच गाळाची दोन्ही रूपे आहेत. या दोन्ही प्रयत्नांत तलावाला भांड्यापेक्षा अधिक काही मानले आहे, हे महत्त्वाचे.

टाकीचा अर्थ जेथे खरोखर लागू पडतो, अशी जागाही आपल्या शेतात आता दिसते: प्लास्टिकचा कागद अंथरलेले शेततळे. त्याला पाणलोट नाही, पाझर नाही, धनी एक. ते उपयोगी नाही असे नव्हे. पण नावात ‘तळे’ असूनही ती टाकी आहे, आणि ‘टँक’ म्हणवणारा भंडाऱ्याचा जलाशय टाकी नाही. शब्दाने वस्तू ठरत नाही. वस्तू पाहूनच शब्दाचा अर्थ ठरवावा लागतो.

वर्गात काय करावे?

शिक्षकांना आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, शब्दार्थाच्या वहीत ‘टँक’समोर एक शब्द न लिहिता तीन ओळी लिहाव्यात: साठवणीची टाकी, भारतातील वापरात बांध घातलेला तलाव, आणि रणगाडा. प्रत्येक अर्थाचे एक वाक्य मुलांनी स्वतः तयार करावे.

दुसरी, उथळ थाळी, तिरकी धरलेली सुपासारखी परात आणि उभा डबा घेऊन पाणी मोजण्याचा प्रयोग करावा. डब्यातील आणि परातीतील पाण्याची खोली निम्मी केल्यावर किती पाणी उरते, ते मापाने मोजून तक्ता भरावा. नळ-टाकीचे उदाहरण झाल्यावर लगेच हा प्रयोग केला, तर त्या उदाहरणातील गृहीत आपोआप उघडे पडेल.

तिसरी सूचना तलाव असलेल्या गावांतील शाळांसाठी. सानगडीच्या परिसरात ती सहज जमेल. तलावाच्या प्रत्येक भागाला वडीलधारी माणसे काय म्हणतात, ते मुलांनी विचारून लिहावे आणि नकाशावर दाखवावे. पाणी कोठून येते, सांडव्यावरून कोठे जाते, गाळ शेवटचा केव्हा निघाला आणि कोणी काढला, हेही विचारावे. जेथे मुलांना या प्रश्नांची उत्तरे मिळणार नाहीत, तेथे तो तलाव कागदावर टाकी झाला आहे असे समजावे.

गावाचा तलाव आटला, की तहान भागवायला येतो तो टँकर. तो शब्दही ‘टँक’वरूनच झाला आहे. एकाच शब्दाच्या या दोन रूपांमध्ये पाळ, पाणलोट, गाळ आणि गावकऱ्यांचे श्रम एवढे सगळे हरवलेले असते. इंग्रजीच्या तासाला ते पाच मिनिटांत सांगता येण्यासारखे आहे.